भाड्याचं दूध

विमलाबाई दावा जिंकली. खोली राहिली, गोठा राहिला, दोन्ही म्हशी राहिल्या. मालक दादामियाँ दावा हरले आणि हरल्याच्या आनंदात त्यांनी कोर्टाच्या आवारात, स्वतःच्या वकिलासकट, सगळ्यांना पेढे वाटले.

असं काही कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नये. अजून काहीच झालेलं नाही. चैत्र उलटून गेलाय, ऊन सकाळीच येऊन पाठीवर बसतंय आणि विमलाबाई हडपसरच्या भाजी मंडईत ओणवी होऊन फ्लॉवरचा पाला गोळा करते आहे.

"मावशी, पाला न्या, गड्डा ठेवा," गाळ्यावरचा व्यापारी म्हणाला.

"सडकाय गड्डा."

"सडका असला तरी आमचाय."

विमलाबाईनं गड्डा होता तिथं ठेवला आणि हात साडीला पुसला. पाल्याचा भारा बांधून डोक्यावर घेतला. पाल्यातलं पाणी मानेवरून पाठीत उतरलं, तेवढाच गारवा.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी एका कंपनीची काचेची इमारत होती. म्हशी पाण्यावर न्यायच्या झाल्या की तिच्यासमोरूनच न्याव्या लागत. मथुरा म्हातारी, ती काचेत स्वतःला बघून पुढं व्हायची. चांदी तरणी, ती थांबायची. मग वॉचमन बाहेर येऊन म्हणायचा, "मावशी, हिला घ्या पुढं. आत मीटिंग चालूय, सगळे हिच्याकडंच बघतायत."

त्या इमारतीच्या मागं दादामियाँचं बैठं घर, एक अंगण, अंगणापलीकडं गोठा आणि गोठ्याला चिकटून विमलाबाईची खोली. विमलाबाई आणि तिचा नवरा नागोराव हिंगोलीकडून एक म्हैस घेऊन आले, तेव्हा दादामियाँची बायको नजमा हयात होती. भाडं तिनं ठरवलं. "तुमच्याकडं दूध असतं, पैसे नसतात. आमच्याकडं पैसे असतात, दूध नसतं. उगाच कशाला फिरवाफिरव?" तेव्हापासून रोज सकाळी धार काढली की गिऱ्हाइकांच्या आधी दोन मापं मालकाच्या पातेल्यात. एकदा मापातून उतरलं की ते मालकाचं, मग मांजरानं प्यायलं तरी मालकाचं. नजमा गेली, तरी मापं चालू राहिली.

विमलाबाईनं भारा गोठ्यात टाकला. नागोराव गुडघ्यांना शिव्या देत शेण ओढत होता. दादामियाँ अंगणातल्या बाजेवर चष्मा लावून बसले होते.

"विमल, नोटीस आलीय."

"कुणाला?"

"तुला."

"कुणाची?"

दादामियाँनी कागद पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "माझी."

नागोरावनं फावडं भिंतीला टेकवलं. "मग वाचा की, चाचा. चष्मा तुमच्याच नाकावर हाय."

नोटीस मोठी दिसत होती म्हणून विमलाबाईनं आधी चहा ठेवला. तिघं बाजेभोवती बसले. दादामियाँ वाचू लागले, "'माझ्या अशिलाने मला दिलेल्या माहितीवरून…'"

"अशील म्हंजे कोन?"

"मी असणार."

"तुमी कवा माहिती दिली?"

"आफताबनं सही घेतली होती. मी विचारलं नाही. आता मुलाला काय विचारायचं?" त्यांनी बशीतला चहा फुंकला. "'…आपण सुरुवातीपासून आजतागायत कोणतेही भाडे दिलेले नाही.' हे चूक लिहिलंय."

"मग खोडा."

"नोटिशीत खोडता येत नाही वाटतं." त्यांनी बशी तोंडाला लावली. "पुढं आहे. 'तसेच माझ्या अशिलाच्या मुलास सदर जागेची स्वतःच्या धंद्यासाठी निकड आहे.' हे मात्र खरंय."

ते खरंच होतं. आफताबचं बिबवेवाडीला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं आणि तिथल्या मालकानं त्याच्यावर खाली करण्याचा दावा लावला होता. म्हणजे आफताब तिकडं भाडेकरू होता आणि इकडं मालकाचा मुलगा. दोन्हीकडं त्यानं एकच वकील दिला होता, केदार नावाचा. केदार बिबवेवाडीच्या दाव्यात सांगायचा की भाडेकरूला हलवणं हा अन्याय आहे आणि हडपसरच्या दाव्यात सांगायचा की न हलवणं हा अन्याय आहे. माणूस प्रामाणिक होता, दोन्हीकडं मन लावून सांगायचा.

"म्हंजे आमी जायाचं का?" विमलाबाईनं विचारलं.

"तसं लिहिलंय."

"म्हशी घेऊन?"

दादामियाँनी कागदावरून बोट फिरवलं. "म्हशींचं काही म्हटलेलं नाही."

विमलाबाईनं रिकाम्या बशा गोळा केल्या. मथुरा-चांदीला घेऊन या शहरात दुसरीकडं कुठं उभं राहता येत नाही, हे तिला नोटिशीशिवायच माहीत होतं. गोठा गेला की म्हशी विकायच्या, आणि म्हशी विकल्या की मग पुण्यात राहायचं कशाला, एवढाच तो प्रश्न होता.

बाईमाणसाला सरकारी वकील फुकट मिळतो, असं मंडईत कुणीतरी सांगितलं. विमलाबाई शिवाजीनगरच्या कोर्टात निघाली. बस कुठली, उतरायचं कुठं, हे नागोरावला माहीत नव्हतं. दादामियाँना माहीत होतं. ते टोपी घालून बरोबर निघाले.

मोफत सल्ल्याच्या खोलीत उत्कर्षा नावाची तरुण वकीलबाई बसली होती. तिनं नोटीस वाचली, मान वर केली. "काकू, हे बाबा कोण? तुमचे सासरे?"

"मालक."

"कोणते मालक?"

"नोटिशीतले."

उत्कर्षानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही बाहेर बसा. तुमच्याविरुद्धच बोलायचंय."

"बोला ना. मला वाईट वाटणार नाही."

"प्रश्न वाईट वाटण्याचा नाहीये."

दादामियाँ बाहेर बाकावर जाऊन बसले. दार उघडंच होतं, त्यांना सगळं ऐकू येत होतं. मधेमधे त्यांनी तारखा दुरुस्त करून दिल्या.

"भाडं दिल्याची पावती आहे?" उत्कर्षानं विचारलं.

"दुधाची पावती कशी असती, बाई? प्यायलं, संपलं."

"बरं. कायदा सरळ आहे. भाडेकरू भाडं देतोय, किंवा द्यायला तयार आहे, तोवर भाडं थकलं म्हणून त्याला काढता येत नाही. आता ते काय करतील, घेणंच बंद करतील. मग म्हणतील, मिळालंच नाही. म्हणून तुम्ही रोज न्यायचं. घेवोत, न घेवोत."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर नेलं होतं याचा पुरावा ठेवायचा."

"तसं न्हाई. न्हाई घेतलं, तर ते दूध कुणाचं?"

उत्कर्षानं प्रश्न वहीत लिहून घेतला. "विचारून सांगते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात केदारनं आफताबला बजावलं, आफताबनं बापाला. "अब्बा, तिच्या हातचं दूध घ्यायचं नाही. एक थेंब घेतला तर केस कमजोर होते." आणि त्यानं पिशवीचं दूध आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धार काढून विमलाबाई किटली आणि माप घेऊन दादामियाँच्या उंबऱ्याशी उभी राहिली. नागोराव मागं मोबाइल धरून उभा. पुराव्यासाठी.

"चाचा, भाडं आणलंय."

दादामियाँनी आत बघितलं. आत आफताब बूट घालत होता. "नको," दादामियाँ म्हणाले.

"जरा जोरात म्हना," नागोराव म्हणाला, "गाडी गेली मधूनच."

"नको!" दादामियाँ ओरडले, मग हळूच म्हणाले, "थांब, परत घे. टोपी राहिली."

ते आत जाऊन टोपी घालून आले आणि पुन्हा एकदा नको म्हणाले. त्या दिवशीच्या व्हिडिओत निम्म्या जागेत नागोरावचा अंगठा होता, पण नको स्वच्छ ऐकू येत होतं.

मग तो रोजचाच रिवाज झाला. विमलाबाई दोन मापं मोजून देऊ करायची, दादामियाँ नको म्हणायचे आणि ती परत फिरायची. परतल्यावर खरी अडचण सुरू व्हायची. मापातून उतरलेलं दूध विकायला तिचा हात होईना. दुसऱ्याचं दूध गिऱ्हाइकाला कसं घालायचं? नागोराव म्हणाला, आपण पिऊ. ती म्हणाली, "भाडं पितेत व्हय कुनी?" शेवटी तिनं त्याला विरजण लावलं. दही झालं, ताक घुसळलं, लोणी आलं. लोणी टिकत नाही म्हणून तूप कढवलं आणि डब्यात भरून ठेवलं. डब्यावर खडूनं लिहून घेतलं, 'चाचाचं'.

डबा भरला, दुसरा आला. पावसाळा गेला, थंडी गेली, तारखा पडत राहिल्या. डबे आधी फळीवर होते, मग खाली, मग नागोरावच्या अंथरुणाच्या कडेला. मालकाचं तूप भाडेकरूच्या खोलीत भाड्याशिवाय राहत होतं. नागोराव कूस बदलताना दचकायचा. त्याच्या अंगाला बारा महिने तुपाचा वास येऊ लागला आणि मंडईत लोक त्याला विचारू लागले, घरी लग्न आहे का?

इकडं दादामियाँना पिशवीचा चहा मानवेना. त्यांनी दोन दिवस साखर वाढवली, चार दिवस आलं घातलं, मग चहाच सोडला. गाल बसले. खोकला होताच, तो आता छातीत राहायला आला. संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी श्यामच्या टपरीवर जाऊन बसू लागले. तिथं मात्र चहा घ्यायचे, कधी दोनदा घ्यायचे.

"चाचा लै वाळले," विमलाबाई धार काढता काढता म्हणाली.

"आपल्याला काढायलेत ते," नागोराव म्हणाला.

"काढायलेत म्हनून काय वाळूच द्यावं?"

दुसरा उन्हाळा आला तो पहिल्यापेक्षा वाईट. हिरवा चारा मिळेना. मंडईतल्या पाल्यावर आता मांजरी-फुरसुंगीकडचे गोठेवालेही यायचे. ओढाओढीत एकदा विमलाबाईच्या हाताची साल निघाली. मथुरा आटत चालली. कास हाताला मऊ, रिकामी लागायची. चांदी गाभण होती, तीही दूध कमी करत आली. सकाळची धार निम्म्यावर आली, तरी आधी दोन मापं भाड्याची बाजूला निघायची, मग गिऱ्हाइकाची आणि घरात बिनदुधाचा चहा. मालकानं नाकारायचं म्हणून ती दूध काढत होती. एक दिवस जरी किटली उंबऱ्याशी गेली नाही, तर 'द्यायला तयार आहे' हे शब्द खोटे पडतील, असं उत्कर्षानं सांगितलं होतं. म्हणून विमलाबाई मथुरेच्या कासेला खोबरेल लावून बसायची, गरम पाण्यानं शेकायची आणि तिच्याशी बोलायची. "दे गं माय. नाकारू दे त्यांना."

आणि मग दादामियाँची साक्ष निघाली.

लघुवाद कोर्टात पंखा होता, वारा नव्हता. न्यायाधीश बाई होत्या. उत्कर्षानं तुपाचे डबे पुरावा म्हणून आणले होते, भाडं देण्याची तयारी दाखवायला. शिरस्तेदारानं त्यांना निशाणी क्रमांक चिकटवले. उन्हानं तूप पातळ झालं होतं, एका डब्याचं झाकण सैल होतं आणि सगळ्या कोर्टाला पुरणपोळीची आठवण येत होती.

"दादामियाँ," उत्कर्षानं विचारलं, "रोज सकाळी विमलाबाई दूध घेऊन येतात, हे खरं आहे?"

"खरंय. पाऊस असला तरी येते."

"मागच्या वर्षभरात तुम्ही त्यांचं दूध घेतलं?"

"मी नाही घेतलं." दादामियाँ थांबले. "श्याम घेतो."

"कोण श्याम?"

"टपरीवाला. तो हिच्याकडूनच दूध घेतो. मी त्याच्याकडं चहा पितो."

केदार उभा राहिला. "मॅडम, साक्षीदाराला ते दूध कोणाचं आहे याची कल्पना नव्हती."

न्यायाधीश बाईंनी दादामियाँकडं बघितलं. "कल्पना होती?"

"जिभेला होती, साहेब," दादामियाँ म्हणाले. "वकिलांना कळवली नाही."

न्यायाधीश बाईंनी हे लिहून घ्यायचं की नाही, यावर थोडा विचार केला आणि लिहून घ्यायला सांगितलं.

मग अडचण कोणाची मोठी, यावर बोलणं झालं. आफताबनं सांगितलं की त्याची मशिनं आहेत, कामगार आहेत, बिबवेवाडीचा मालक दिवाळीपर्यंत थांबणार नाही. सांगताना त्याचा आवाज चिरकला. विमलाबाईला प्रथमच वाटलं की हा पोरगा आपल्यासारखाच रस्त्यावर यायच्या बेतात आहे. तिनं शेजारी बसलेल्या नागोरावला कोपरानं ढोसलं. "ह्याला कोन काढायलंय? त्या मालकाला बी दूध चालतं का, इचारा की."

उत्कर्षानं शेवटी एवढंच सांगितलं, "सकाळी वरच्या मजल्यावर, बिबवेवाडीच्या दाव्यात, माझे मित्र केदार म्हणाले की गिऱ्हाइकं जागेला बांधलेली असतात, जागा सुटली की धंदा मरतो. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. मला ते पटलं. तेच माझं म्हणणं आहे."

केदार लाजला. पण त्याला मनातून बरंही वाटलं, कारण त्याचं म्हणणं याआधी कुणाला पटलेलं नव्हतं.

दावा नामंजूर झाला. पेढे वाटले गेले, ते वर आलंच आहे.

बसमधून उतरताना दादामियाँ म्हणाले, "विमल, उद्यापासून आण."

"आनते, चाचा."

पण तो 'उद्या' उजाडला, ती किटली घेऊन गेली, तर आफताब पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, समोर चहाचा कप तसाच, वर साय धरलेली. दादामियाँ दारात आले. त्यांनी किटलीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. "आजचा दिवस राहू दे," ते हळूच म्हणाले. "जरा सावरू दे त्याला."

परवाही राहू दिलं, तेरवाही. आफताब सावरला आणि सावरल्यावर पहिलं काम म्हणून त्यानं अपील केलं. सही पुन्हा दादामियाँचीच. केदारनं लगोलग अर्ज दिला की भाडेकरू गोठा वाढवेल, पत्रे टाकेल. वरच्या कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत दोघांनी 'जैसे थे' राहावं.

आफताबनं तो आदेश भिंतीवर लावला. "जैसे थे, अब्बा. त्या दिवशी आपण दूध घेत नव्हतो. म्हणजे आता घेता येणार नाही. कोर्टाचा अवमान होतो."

दादामियाँ भिंतीसमोर बराच वेळ उभे राहून खोकत होते. मग त्यांनी टोपी घातली आणि अंगण ओलांडलं. "विमल, चल. तुझ्या वकिलाकडं जाऊ."

"तिकडं कामून? तुमचा वकील हाय की."

"तो माझ्या बाजूनं आहे. त्याला कसं सांगणार?"

बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळाली तरी धाप थांबेना. कोर्टाच्या पायऱ्यांवर विमलाबाईनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. भाऱ्यापेक्षा हलका होता.

उत्कर्षानं या वेळी त्यांना बाहेर बसवलं नाही.

"बाई, एक इचारू?" विमलाबाई म्हणाली. "चाचा गेले तर अपिलाचं काय होतं?"

"हो," दादामियाँ म्हणाले, "माझं काय होतं?"

"तुमचं काही नाही. अपील चालू राहतं. वारस म्हणून आफताब उभे राहतात. आणि ते…" उत्कर्षा थांबली. "ते तुमच्यासारखे नको म्हणणार नाहीत, काकू. तुमचं दूध ते टपरीवर जाऊनसुद्धा पिणार नाहीत."

"म्हंजे चाचा हायेत तोवर आमी हाओत."

"कायद्यात तसं नाहीये. पण तसंच आहे."

विमलाबाईनं दादामियाँकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत श्वास गोळा करत होते. वरची टोपी तेवढी जागच्या जागी होती, खालचा माणूस कमी झाला होता.

"मग तसा अर्ज करता येतो का?" तिनं विचारलं.

"कसा?"

"तसाच."

"नाही येत, काकू."

"केला तर पाप लागतं का?"

"पाप नाही लागत. फेटाळतात."

"लिहा, बेटी," दादामियाँ म्हणाले. "फेटाळायला तरी त्यांना वाचावा लागेल."

उत्कर्षानं दार लावून घेतलं आणि कोरा कागद ओढला. दोघं सांगत गेले, ती लिहीत गेली. विमलाबाईनं सही केली, दादामियाँना पेन धरवेना म्हणून त्यांनी अंगठा दिला.

*मे. कोर्टात सादर. अर्जदार क्रमांक एक दादामियाँ, मालक व अपीलकर्ता. अर्जदार क्रमांक दोन विमलाबाई, भाडेकरू व जाब देणार. दोन्ही अर्जदार एकमेकांविरुद्ध असून सदर अर्ज एकत्र करीत आहेत. अर्जदार क्रमांक एक यांची प्रकृती दिवसेंदिवस क्षीण होत आहे. 'जैसे थे' हा हुकूम खोली व गोठा यांस लागू असून अर्जदार क्रमांक एक यांच्या छातीस लागू करण्याचे राहून गेले आहे. सबब विनंती की, अर्जदार क्रमांक एक हयात असेपर्यंत सदर अपिलाचा निकाल देण्यात येऊ नये. आणि अर्जदार क्रमांक एक यांस पुढील आदेश होईपर्यंत हयात ठेवण्याबाबत, संबंधित खात्यास, योग्य तो हुकूम व्हावा.*